हात सैल सोड

"मॅडम, माझ्या आईला नापास करा," शैला म्हणाली.

डायलिसिसच्या खुर्चीत ती आडवी होती. डाव्या हातातून निघालेल्या दोन लाल नळ्या शेजारच्या यंत्रात शिरत होत्या. सोमवारी तिच्यावर मूत्रपिंड रोपणाचं ऑपरेशन होतं, मूत्रपिंड देणार होती तिची आई, आणि दोघींना भूल देण्याची जबाबदारी माझी होती. मी आले होते शैलाची छाती तपासायला. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला.

"नापास म्हणजे?"

"म्हणजे भूल द्यायला अनफिट आहे असं लिहा. वय झालंय, हृदय कमजोर आहे, काहीही लिहा. तुम्ही लिहिलंत तर ऑपरेशन होणार नाही ना?"

"नाही होणार. पण तुमची आई ठणठणीत आहे. सगळे रिपोर्ट पाहिलेत मी."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय." ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि आवाज न चढवता समोरच्याला गप्प करायची सवय तिला होती. "तिला सहासष्ट पूर्ण झालीत. माझ्यासाठी तिनं टेबलावर झोपायचं आणि उठायचंच नाही, असं झालं तर मी त्या किडनीचं काय करू? मी नको म्हणून बघितलं. तिनं दोन दिवस अन्न सोडलं. तुम्ही नाही म्हणालात तर तिला ऐकावंच लागेल. डॉक्टरचं ती ऐकते."

"आणि तुमचं काय?"

"आठवड्यातून दोनदा इथं येऊन बसते. प्रतीक्षा यादीत नाव आहे, लागेल कधीतरी नंबर."

तो नंबर कधी लागतो हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. दीड वर्षात ती अर्धी झाली होती. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, भाऊबहीण कुणी नव्हतं. होती ती फक्त आई.

"उद्या सकाळी दहाला फिटनेस द्यायचा आहे. विचार करते," मी म्हणाले आणि तिथून सटकले. सटकले हाच शब्द बरोबर आहे.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा एका शिक्षण रुग्णालयात सहयोगी प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना भूलशास्त्र शिकवायचे आणि आपल्याला सगळं येतं असा चेहरा करून हिंडायचे. आमचे गुरू डॉ. नगरकर यांनी एक रीत घालून दिली होती. मूत्रपिंड देणाऱ्या माणसाला भूलतज्ज्ञानं एकट्यानं भेटायचं. नातेवाईक बाहेर, दार बंद. आणि विचारायचं: तुम्हाला मनापासून द्यायचंय का? नसेल तर फक्त मान हलवा. मी अनफिट लिहीन, खरं कारण कुणालाही कळणार नाही, तुमच्यावर बोल येणार नाही. सर म्हणायचे, "शुभदा, माणूस झोपण्याआधी शेवटचं आपल्याशी बोलतो. त्याला पळून जायला एक दार आपण उघडं ठेवायचं." त्या दारातून मी आजवर दोन जण सोडले होते. एक जावई आणि एक धाकटा दीर. दोघांच्या घरच्यांना अजूनही वाटतं की त्यांची हृदयं नाजूक आहेत.

पण हे दार देणाऱ्यासाठी होतं. घेणारीच येऊन कडी काढायला सांगेल, हे सरांनी शिकवलं नव्हतं. आणि सर तोवर वारले होते.

शैलाच्या आईला मी मंगळवारीच बंद दाराआड भेटले होते. अनसूयाबाई वेळापुरे, जातीनं आणि धंद्यानं कासार. वडगावच्या बाजारात चाळीस वर्षं बांगड्या भरत होत्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून त्यांच्या स्वतःच्या हातात काही नव्हतं. सगळा वॉर्ड त्यांना आक्का म्हणायला लागला होता. माझा प्रश्न त्यांनी पुरता ऐकूनही घेतला नाही. "मनापासून म्हंजे?" त्या म्हणाल्या. "लेकीला देताना कुणी काळजातनं इचारून देतं व्हय? तुमी आपलं झोपीचं बगा." मी हसून कागदावर बरोबरची खूण केली होती.

आता खरं काय ते सांगते. शैलाचं म्हणणं ऐकून मला वाईट वाटलं, तसंच हायसंही वाटलं. 

फेब्रुवारीत मी चिंचणीकर नावाच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना आतड्याच्या ऑपरेशनसाठी भूल दिली होती. वय बहात्तर. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते हवेत पत्रं वाटायला लागले. म्हाताऱ्या माणसांना भुलीनंतर कधीकधी असा गोंधळ होतो, बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत ओसरतो. चिंचणीकरांचा ओसरला नाही. घरी गेले ते बायकोला न ओळखताच गेले. त्यांच्या पत्नी पुढं तीनदा मला भेटायला आल्या. ओरडल्या नाहीत, तक्रार केली नाही. फक्त विचारायच्या, "डॉक्टर, माझ्या माणसाला तुम्ही कुठं ठेवलंत हो?"

तेव्हापासून साठीच्या पुढचा पेशंट समोर आला की मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. विद्यार्थ्यांना मी सांगायचे, वय हा आकडा आहे. स्वतः मात्र त्या आकड्याला घाबरायचे.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी आक्कांची फाइल उघडली. हृदयाच्या सोनोग्राफीत एक ओळ होती, हृदयाचा स्नायू वयोमानानुसार किंचित ताठर. त्या वयात सगळ्यांच्याच रिपोर्टात ती असते, माझ्या वडिलांच्याही होती. मी त्या ओळीखाली रेघ मारली, आणि फॉर्मवर लिहिलं, "भूल देण्यास अयोग्य". खाली सही केली. कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला. सर्जन बोरगाव्यांना देण्याआधी आक्कांना आपण स्वतः सांगायचं, एवढी लाज मला होती.

आक्का खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर पत्र्याचा छोटा डबा, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या बांगड्या. आठ दिवसांत त्यांनी वॉर्डातल्या आयाबायांचे आणि दोन सिस्टरांचे हात भरले होते. 

"या, बाई. बसा हितं." त्यांनी माझी मनगटं पाहिली. "रिकामंच की वो हात."

"आमच्यात चालत नाही आक्का. ऑपरेशन थिएटरमध्ये बांगडी, घड्याळ, काही घालता येत नाही."

"मग घरला घाला की. आना हात."

मी खाटेच्या कडेवर बसले. वाटलं, बरंच झालं, त्यांचं लक्ष कामात असेल तर सांगणं सोपं जाईल. त्यांनी माझा उजवा हात घेतला, आणि कसा घेतला ते मला अजून आठवतं. माप बघायला त्यांनी बांगडी लावून पाहिली नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड दोनदा दाबलं, बोटं एकत्र गोळा केली, आणि डब्यातून न बघता एक हिरवी बांगडी उचलली. मीही दिवसभर लोकांचे हात हातात घेते, शीर शोधायला. पण माझ्या हातात कुणाचा हात असा विरघळला नव्हता.

"हात सैल सोड," त्या म्हणाल्या. 'अहो' केव्हा गेलं ते मला कळलं नाही. त्यांनाच ते जाणवलं असावं. "हात हातात घ्येतला की मी कुणाला अहो-जाहो करत न्हाई. कलेक्टरीनबाई आल्या तरी."

"आक्का, एक सांगायचं होतं," मी म्हणाले. "तुमचे सगळे रिपोर्ट मी पुन्हा पाहिले. तुमचं हृदय आहे ना, ते जरा..."

बांगडी अडकली. बरोबर अंगठ्याच्या हाडापाशी. त्यांनी जोर केला नाही. बांगडी तिथेच ठेवून त्या थांबल्या आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"माप बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "तू हात आवळलास."

"नाही हो..."

"चाळीस वर्सं हात धरत्ये मी. लगीन नको असलं की पोरीचा हात असाच आवळतो. तोंडानं हसत असती, पर हात आवळलेला. मग मी बांगडी दामटत न्हाई, फुटती. आदी इचारते, काय झालं गं? तसं तुला इचारते. काय झालं?"

माझा दुसरा हात ॲप्रनच्या खिशातल्या कागदावर गेला.

"माजं काळीज बरं न्हाई म्हनून सांगायला आलीस?"

"हं."

"खरं हाय ते?"

माझा हात त्यांच्या हातात होता. आता त्याला काय विचारायचं ते त्यांनीच विचारलं असणार, कारण त्यांनी स्वतःशीच मान हलवली.

"शैलीनं सांगितलं तुला. व्हय ना? तू बोलू नको. तुमच्यात बोलायचं नसतं, ठावं हाय मला." बांगडी त्यांनी अलगद मागं काढून घेतली. "पोरगी माज्या जिवाला भ्याली. तिचं बरोबर हाय. आय हाय मी तिची. पर तू कुनाला भ्यालीस गं?"

तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये चिंचणीकरांची केस मी स्लाइडवर दाखवली होती, आकड्यांसकट. कुणी विचारलं नव्हतं. मी आक्कांना सगळं सांगितलं. हवेत वाटलेली पत्रं सांगितली, त्यांच्या पत्नीचा प्रश्न सांगितला. सांगताना माझे डोळे वाहायला लागले आणि समोरच्या खाटेवरची बाई तोंड वळवून पडली, बिचारी.

"तुमचंही तसं झालं तर?" मी म्हणाले. "तुम्ही शुद्धीवर आलात आणि शैलाला ओळखलंच नाहीत तर?"

मला उगाच धीर द्यायला आक्कांनी काही म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

"मग ती मला वळकंल की," त्या म्हणाल्या. "एकीनं वळकलं तरी भागतंय." मग डब्याचं झाकण लावलं. "आता मला सांग. मी पास का नापास?"

"पास," मी म्हणाले.

"मग तसं लिव्ह. आन चल माज्यासंगं."

डायलिसिसच्या खोलीत शैला नव्हती. तिचा वार नव्हता. ती दुसऱ्या मजल्यावर आपल्या खाटेवर वह्या तपासत बसली होती. शाळेतून नवऱ्याला सांगून वह्या मागवणारी ती एकमेव पेशंट मी पाहिली आहे. आम्हाला दोघींना एकत्र पाहून तिनं पेन खाली ठेवलं.

"मॅडम, तुम्ही सांगितलंत?"

"मी एक शब्दही बोलले नाही."

"तिचा हात बोलला," आक्का म्हणाल्या. "शैले, तू मला नापास कराया निघालीस? तुजी फी भराया मी आठ गावचं बाजार केलं ते ह्यासाठी?"

"आई, आरडाओरडा नको. लोक बघतायत."

"बगू देत. तुला काय वाटतं, मी उपकार कराया आलेय?" आक्का खाटेवर बसल्या. आवाज एकदम खाली आला. "तू चार दिसांनी त्या खुर्चीत बसतीस. मी तकडं बाजारात दुसऱ्याच्या पोरींचं चुडं भरते. परत्येक हात धरला की मला तुजा डावा हात दिसतो. कासाराच्या पोरीचा हात, आन दीड वरीस त्यात बांगडी न्हाई."

शैलाच्या डाव्या मनगटावर डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेली होती. तिथं कातडीखाली फुगीर गाठ दिसते. त्या हाताला काही बांधायचं नसतं, घड्याळ नाही, दोरा नाही, बांगडी तर नाहीच. दाबलं गेलं तर रक्त थांबतं. आक्कांनी तो हात उचलला नाही. आपला हात उलटा करून त्याच्या खाली सरकवला, अगदी हळू. त्या गाठीला बोट लागलं की मांजर गुरगुरतं तशी बारीक थरथर लागते. ती त्यांना लागत असणार.

"तुला काही झालं तर मी काय करू?" शैलाचा शिक्षिकेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आई, मला तुझ्याशिवाय कोण आहे?"

"आन मला?"

शैलाची बोटं ताठ होती, मला उभ्या जागेवरून दिसत होती. आक्का तशाच बसून राहिल्या, बाजारात गिऱ्हाईक थांबलंय आणि आपल्याला काही घाई नाही अशा. बराच वेळ गेला. बाहेर औषधांची गाडी खडखडत आली आणि गेली. मग शैलाच्या हाताची बोटं एकेक करून सुटली आणि आईच्या तळहातावर टेकली.

आक्कांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी खिशातला कागद काढला, फाडला, आणि बाहेरच्या टेबलापाशी उभी राहून दुसरा लिहिला.

सोमवारी सकाळी आठला आक्का टेबलावर होत्या. केस हिरव्या टोपीत घातलेले, चष्मा काढून घेतलेला, त्यामुळे जरा परक्या दिसत होत्या. माझ्या हाताखाली शिकणारी दोघं शीर शोधायला पुढं झाली, त्यांना मी मागं सारलं. आक्कांचा हात मी घेतला. अंगठ्याच्या मुळाशी हाड, चाळीस वर्षं लोकांची बोटं दाबून रुंद झालेला पंजा.

"आक्का," मी कानाशी वाकून म्हणाले, "अजूनही नाही म्हणता येतं. फक्त मान हलवा."

उत्तराची गरज नव्हती. हात माझ्या हातात अगदी सैल पडला होता.

"सुई टोच की," त्या म्हणाल्या. "किती येळ माप घेतीस?"

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ज्या ऑपरेशनबद्दल भूलतज्ज्ञाला सांगण्यासारखं काही नसतं ते चांगलं ऑपरेशन. साडेबाराला शेजारच्या थिएटरमधून निरोप आला की शैलाला बसवलेल्या मूत्रपिंडातून लघवी सुरू झाली. या वाक्यावर टाळ्या वाजवणारी माणसं फक्त आमच्या व्यवसायात सापडतात. मी वाजवल्या. आक्का शुद्धीवर आल्या, शैलाचं विचारलं, चांगलं आहे म्हटल्यावर पुन्हा झोपल्या. मंगळवारीही छान होत्या.

बुधवारी दुपारी तीनला सिस्टर आवळे लेक्चर हॉलच्या दाराशी आल्या. त्या कधी तिथवर येत नसत.

"मॅडम, आक्का कसंतरीच करतायत. मला ओळखत नाहीत. नळी ओढायला बघतात."

वॉर्डापर्यंतचे दोन जिने मी कशी चढले ते मला आठवत नाही. डोक्यात एकच होतं: तिसरा दिवस, दुपार, तसंच. पुन्हा तसंच.

आक्का टक्क जाग्या होत्या. नजर माझ्यावरून भिंतीवर, भिंतीवरून छतावर. दोन्ही हात चादरीवर चालले होते, काहीतरी चाचपत, उचलत, ठेवत. डॉक्टर म्हणून जे करायचं ते मी आधी केलं. ऑक्सिजन पाहिला, साखर पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, दुखण्याचं औषध बदललं. त्यांचा चष्मा कपाटात पडला होता, तो आणून डोळ्यांवर लावला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. चिंचणीकरांच्या वेळी इथंच मी झोपेचं इंजेक्शन लिहून निघून गेले होते.

या वेळी मी स्टूल ओढलं आणि बसले.

हात चाललेच होते. मी नुसती बघत राहिले, आणि बघताबघता माझ्या लक्षात आलं की हे चाचपणं भलतंसलतं नाही. डाव्या हातानं त्या काहीतरी धरत होत्या, उजव्यानं डब्यातून काहीतरी काढत होत्या. आणि धरायला काही सापडत नव्हतं म्हणून पुन्हा पुन्हा चादर उचलत होत्या. बाजार भरला होता आणि गिऱ्हाइकाचा हातच नव्हता.

मी माझा हात पुढं केला.

त्यांनी तो लगेच पकडला. अंगठ्याखालचं हाड दाबलं. चेहऱ्यावरची ओढाताण कमी झाली.

"शैले," त्या म्हणाल्या, "किती वाळलीस गं."

मी हात तसाच राहू दिला.

"हात सैल सोड, पोरी."

मी सोडला. अगदी मनापासून सोडला. त्यांनी माझी बोटं गोळा केली आणि नसलेली बांगडी पंजावरून फिरवत मनगटात सारली. मग दुसरी. मग तिसरी. दर बांगडीला बोटं तशीच गोळा करायच्या, तसंच हाड दाबायच्या, कुठंही घाई नाही. माझे दोन विद्यार्थी पायथ्याशी येऊन उभे राहिले होते. सिस्टर आवळे तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. बारा झाल्यावर आक्कांनी माझं मनगट हलवून पाहिलं, वाजतंय का ते.

"आता डावा दे."

मी डावा हात दिला.

त्यांनी तो उजव्यासारखा पकडला नाही. आपला पंजा उलटा करून खालून धरला, मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा अलगद टेकवला आणि थांबल्या. माझ्या मनगटात नुसती नाडी होती. गुरगुर नव्हती.

"गेलं," आक्का म्हणाल्या. "गेलं गं बाई त्ये." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता भरते. सारा भरते."

डाव्या हाताला त्यांनी फार वेळ घेतला. एकेक बांगडी सावकाश चढवली, मधे थांबून सारख्या केल्या. संपल्यावर माझा हात त्यांनी माझ्या मांडीवर ठेवून दिला.

बांगड्या भरून झाल्या की कासाराच्या पाया पडायची रीत आहे आमच्याकडे. लहानपणी आई पडायची, मला पडायला लावायची. मी स्टुलावरून उठले आणि आक्कांच्या पायांवर डोकं टेकलं. विद्यार्थी बघत होते. बघू देत.

"जगत ऱ्हा, बाई," त्या म्हणाल्या, आणि दोन मिनिटांत झोपल्या.

मी तिथून हलले नाही. पाचच्या सुमारास त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि चष्मा नाकावर सरळ केला.

"डाक्टरीणबाई, तुमी हितं कशापायी? आन च्या मिळंल का जरा?"

मी इतकी मोठ्यानं हसले की पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं घाबरून घंटा वाजवली.

पुढच्या सोमवारी आक्का घरी निघाल्या. जाण्याआधी मास्क लावून मी त्यांना शैलाच्या खोलीत नेलं. शैला खुर्चीत बसली होती, गालांवर रंग आला होता. आक्कांनी तिला लांबूनच डोळे भरून पाहिलं, मग माझ्याकडे वळून पदराच्या गाठीतून एक बांगडी काढली. ती हिरवी, अडकलेली.

"तुजा हात ऱ्हायलाय."

"भरलात की तुम्ही," मी म्हणाले. "दोन्ही."

"मी? कवा?"

"बुधवारी दुपारी."

आक्कांनी माझ्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं आणि मग शैलाकडे. "बाईंना झोप मिळना झालीय," त्या म्हणाल्या. तोवर माझा हात त्यांनी घेतलाही होता. बोटं गोळा केली, हाड दाबलं. बांगडी त्या हाडापाशी थांबलीसुद्धा नाही.

"आई, माझा डावा कधी?" शैला म्हणाली.

"वरीस जाऊ दे म्हनाल्यात डाक्टर. किडनी नीट चालली म्हंजे ती गाठ बंद करत्यात, मग."

"तोवर थांबशील?"

शैला हसत विचारत होती, पण तिची बोटं खुर्चीच्या हाताला घट्ट धरून होती. आक्कांनी तिकडे पाहिलं, आणि मला जे दिसलं ते त्यांनाही दिसलं.

"थांबते की," त्या म्हणाल्या. "तुजा हात भरल्याबिगर मी कुटं जात न्हाई."

वर्षानं त्यांनी तो भरला, आणि त्यानंतरही अकरा दिवाळ्या भरल्या.